लातूरची संधिवात ओपीडी आणि आईचा एक प्रश्न

महिन्यातून दोन शनिवारी पुण्याहून लातूरला येणाऱ्या एका संधिवाततज्ज्ञांच्या ओपीडीत मी गेल्या वर्षभरात आईला पाच वेळा नेले. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे दवाखान्याचे नाव देत नाही.

आईचे वय 53. दोन वर्षांपूर्वी बांधाच्या वादातून भावकीने दावा लावला, कोर्टाच्या तारखांवर तारखा पडू लागल्या आणि सहा-सात महिन्यांत तिच्या दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजली. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नसे. भाकरी थापताना तळहात काटवटीत टेकायचा, पण बोटे पसरायची नाहीत. ‘बांधानं माझे हात नेले,’ असे तिने तेव्हाच ठरवून टाकले होते. गावाकडच्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून सात महिने कागदाच्या पुडीतून पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्यांनी तात्पुरते बरे वाटे आणि गोळ्या संपल्या की सूज परत येई.

लातूरची पहिली भेट चांगली चाळीस मिनिटांची झाली. डॉक्टरांनी दोन्ही हातांचा एकेक सांधा दाबून पाहिला, मिश्री लावता का, घरात बिडी कोण ओढते हे विचारले आणि हिरड्याही तपासल्या. कारण आईला झालेल्या या आजाराच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या प्रकारच्या संधिवाताच्या, बाह्य कारणांत धूम्रपानाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे आणि हिरड्यांच्या जुनाट दाहाशीही त्याचा संबंध आढळला आहे. त्यानंतरचा प्रश्न मात्र मला अनपेक्षित होता : ‘मावशी, तुम्ही किल्लारीकडच्या. भूकंपात घरचं कोणी गेलं का?’ 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटे आई 21 वर्षांची होती. ‘धाकटा भाऊ,’ एवढेच ती म्हणाली. कोणत्याही दवाखान्यात तिला हे आजवर कोणी विचारले नव्हते.

मग आईने आपला प्रश्न विचारला : हे टेन्शननेच झाले ना? डॉक्टरांनी तिला होकारही दिला नाही आणि उडवूनही लावले नाही, आणि माझ्या मते या ओपीडीचे खरे मोल इथे आहे. त्यांनी सांगितले की या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि तिच्या रक्तात सापडलेली अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडे अनेकांमध्ये सूज येण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून असतात. त्यामुळे बांधाचे भांडण सुरू होण्यापूर्वीच आजाराने मूळ धरले असण्याची शक्यता आहे. दीर्घ ताणामुळे कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे नियमन बिघडते आणि दाह वाढवणारी द्रव्ये चढी राहू शकतात, हेही त्यांनी मान्य केले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात, तणावाशी निगडित मानसिक विकाराचे निदान झालेल्या एक लाखाहून अधिक लोकांत स्वयंप्रतिकार आजारांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले होते. पण तो अभ्यास निदान झालेल्या विकारांविषयी आहे, रोजच्या काळजीविषयी नाही; शिवाय आजारी पडलेला माणूस मागे वळून कारण शोधतो तेव्हा त्याला एखादे भांडण हमखास सापडतेच, असे ते हसून म्हणाले. परतताना एसटीत आई म्हणाली, ‘म्हणजे त्या मेल्यांना सगळं श्रेय द्यायचं नाही तर.’

औषधाच्या बाबतीतही शिस्त दिसली. या आजारावर आईला दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतू शकते. म्हणून तिथल्या सिस्टरने आईकडून ‘रविवार’ हा शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि फॉलिक अ‍ॅसिडचा वार वेगळा लिहून दिला. घरच्या कालनिर्णयावर आता रविवारी लाल गोल आणि कोर्टाच्या तारखेला निळी फुली असते. चौथ्या महिन्यापासून भाकरी पुन्हा गोल होऊ लागली.

आता तक्रारी. अकराची वेळ देऊन आम्हाला दोनदा साडेतीननंतर आत घेतले, आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या रुग्णांसाठी बाहेर बिनपाठीची बाकडी ठेवली आहेत. नंतरच्या भेटी पाच-सहा मिनिटांत उरकल्या. यकृताचे आणि रक्तपेशींचे रिपोर्ट पाहिले गेले, पण झोप कशी लागते किंवा दाव्याचे काय झाले हे कोणी विचारले नाही. पहिल्या दिवशी ज्या ताणाची इतकी आस्थेने चौकशी झाली त्याच्यासाठी पुढे ना समुपदेशक आहे, ना कुठे जावे याची चिठ्ठी. ताणाने आजार सुरू झाला की नाही हे नक्की सांगता येत नसले, तरी कोर्टाच्या तारखेच्या आठवड्यात आईचे दुखणे वाढते हे आम्ही घरी पाहतो, आणि त्याची नोंद केसपेपरवर नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जुन्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. आमच्याजवळ नुसती पुडी होती. त्या पांढऱ्या गोळ्यांत स्टेरॉइड असल्याची शंका आल्याने, ती एकदम बंद करणे धोक्याचे म्हणून, डॉक्टरांना अंदाजानेच डोस उतरवत न्यावा लागला.