एकच बँड, दोन मंच

या लोकसंगीत महोत्सवाचे तिकीट मी केवळ एका बँडसाठी काढले होते. तो बँड तेथे दोनदा ऐकायला मिळाला, पहिल्यांदा रात्री मुख्य मंचावर आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी एका लहान तंबूत.

मुख्य मंचाने निराशा केली. आधीच्या कलाकारांचे सामान हलवून पुढच्यांचे मांडायला जेमतेम वीस मिनिटे ठेवलेली. तेवढ्यात व्हायोलिन, बँजो, मँडोलिन, अकॉर्डियन, डबल बास आणि तीन गळे यांचा साऊंड चेक नीट होणे अवघडच होते. पहिली चार गाणी डबल बासच्या घुमाऱ्याखाली दबली, आणि व्हायोलिनचा गज फिरताना दिसत असला तरी सूर काही ऐकू येत नव्हता. शब्दही कळेनात, आणि ज्या गाण्यांत एक अख्खी कथा कडव्याकडव्याने उलगडते, तेथे शब्द गेले की हाती फक्त ठेका उरतो. हवा गारठत गेल्याने तारा आखडून सूर चढत होते, हा दोष अर्थात आयोजकांचा नव्हे. मी मंचापासून सुमारे 100 मीटरवर होतो. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जात असल्याने पडद्यावरचा ठोका आणि कानावरचा ठोका यांचाही मेळ बसेना. 1965 साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, साध्या गिटारवर लोकगीते गाण्यासाठी ओळखला जाणारा बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा झालेली हुर्यो नव्या संगीतामुळे होती की खराब आवाजामुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या रात्रीनंतर मला दुसरे कारण अधिक पटू लागले आहे.

दुपारी मात्र पाचही जण एकाच माईकभोवती उभे राहिले. गाणारा पुढे झाला की बाकीचे अर्धे पाऊल मागे, बँजोची पाळी आली की वादक खांदा वळवून माईकपाशी; कोणाचा आवाज किती, हे यंत्रावर नव्हे तर पावलांवर ठरत होते. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारातल्या जुन्या मंडळींची ही रीत. तारेवर गज घासल्याची खरखर, अकॉर्डियनच्या भात्याचा श्वास, कडव्यापूर्वी गायिकेने घेतलेला दम, सारे काही ऐकू आले.

पाणी, स्वच्छतागृहे आणि फलक यांबाबत तक्रार नाही. तंबूतला हा कार्यक्रम पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत छापला होता, ते मात्र खटकले. पुढच्या वेळी मी तासभर आधीच तंबूच्या दाराशी जाऊन बसेन.