ताप आणि उष्माघात: अंग दोन्हीकडे तापते, उपचार मात्र वेगळे

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा अंग तापलेल्या माणसाला ताप आहे की उष्माघात, हे वेळेत ओळखण्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. तापात, बहुधा जंतुसंसर्गामुळे, मेंदूतील नियंत्रण केंद्र स्वतःच तापमानाची पातळी वर नेते. म्हणून थंडी वाजते, रोगी पांघरूण मागतो आणि पॅरासिटामॉलने उतार पडतो. उष्माघातात ती पातळी बदललेली नसते, उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची क्षमताच संपलेली असते. त्यामुळे ही गोळी निरुपयोगी ठरते आणि यकृतावर भार मात्र टाकते.

साधारणपणे ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेले तापमान आणि त्यासोबत असंबद्ध बोलणे, झोकांड्या, झटके किंवा शुद्ध हरपणे, ही उष्माघाताची खूण होय. त्वचा कोरडीच असते, हा समज घातक आहे. उन्हात राबणारा तरुण घामाने निथळत असतानाही कोसळतो. काखेतला थर्मामीटरही आतले तापमान कमी दाखवू शकतो.

साध्या तापात विश्रांती, पाणी आणि गरजेनुसार डॉक्टरांचा सल्ला पुरतो. उष्माघातात मात्र १०८ला फोन करून, रुग्णवाहिकेची वाट न पाहता, रोग्याला सावलीत न्यावे, जाड कपडे काढावेत, अंगावर सतत पाणी ओतून जोराचा वारा घालावा आणि मान, काखा, जांघांत बर्फ ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याला पन्हे काय, पाणीही पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. तापातही माणूस बरळू लागला, तर मेंदूज्वराची शक्यता धरून तत्काळ रुग्णालय गाठावे.