400 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्वसंरक्षणासाठी छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं की सल्ला देणाऱ्यांचं एका बाबतीत हमखास एकमत होतं. हात लहान असेल, मनगटात जोर कमी असेल, आणि घेणारी बाई असेल तर बघायलाच नको, मिळेल ते सगळ्यात हलकं घ्या. काही महिने नेमबाजीच्या रेंजवर आणि खिशात वापरल्यानंतर माझं मत याच्या अगदी उलट झालं आहे. ही जात बाळगायला सोपी आणि चालवायला अवघड. ज्याला सराव कमी त्याच्या हातात ती देणं म्हणजे नवशिक्याला आधी अवघड पेपर देण्यासारखं आहे.

माझं रिव्हॉल्व्हर या वर्गातलं अगदी सरळसाधं आहे: अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची फ्रेम, स्टीलचं सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता गोल), .38 स्पेशलच्या पाच गोळ्या, पावणेदोन इंचांहून जराशी मोठी नळी आणि घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा भाग, आत झाकलेला. रिकामं असताना 400 ग्रॅमच्या किंचित वर. पाच काडतुसं भरली की आणखी सुमारे 75 ग्रॅम. परवाना, बाळगण्याचे नियम, रेंजचे नियम तुमच्याकडे जे असतील ते खरेदीआधी वाचून घ्या, त्यात मी पडत नाही.

हा साचा जुना आहे. स्मिथ अँड वेसननं 1950 मध्ये पाच गोळ्यांचं चीफ्स स्पेशल आणलं, ते पूर्ण स्टीलचं आणि साधारण साडेपाचशे ग्रॅमचं. दोनच वर्षांनी, कंपनीच्या शंभरीला, झाकलेल्या घोड्याचं सेंटेनियल आलं आणि त्याच सुमारास अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची एअरवेट मॉडेलं. त्यांचं आजचं 642 मॉडेल त्याच वळणाचं. रुगरनं 2009 मध्ये एलसीआर आणलं, त्यात ट्रिगरची यंत्रणा पॉलिमरच्या घरात बसवलेली असते. आणि टोकाला स्मिथ अँड वेसनचंच 340पीडी: स्कँडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, टायटॅनियमचं सिलिंडर, वजन सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या दरम्यान, आणि गोळी .357 मॅग्नम. कागदावर हे शेवटचं सगळ्यात मोहक दिसतं. खिशाला हलकं, ताकद सगळ्यात जास्त.

पण वजन कमी केलं की गोळी सुटताना हाताला मागे बसणारा झटका वाढतो, आणि वजन घटेल त्या प्रमाणात वाढतो. गोळी तीच ठेवून रिव्हॉल्व्हरचं वजन निम्मं केलं, तर मागे येणारी ऊर्जा दुप्पट होते. साध्या .38 मध्ये हा फरक सोसण्यासारखा असतो. त्या सव्वातीनशे ग्रॅमच्या धातूतून पूर्ण ताकदीचं मॅग्नम उडवणं मात्र वेगळी गोष्ट. एका परिचितांचं तशा वजनाचं रिव्हॉल्व्हर मी रेंजवर चालवून पाहिलं. तळहाताच्या अंगठ्याखालच्या भागात चमक गेली, आणि लगेच दुसरी गोळी मारायची इच्छाच उरली नाही. ज्याच्याशी सराव करावासा वाटत नाही ते हत्यार आणीबाणीत नीट चालेल, यावर माझा विश्वास नाही.

तरीही झटका हा या वर्गाचा मुख्य प्रश्न नव्हे असं मला आता वाटतं. मुख्य प्रश्न ट्रिगर. अशा रिव्हॉल्व्हरच्या डबल अ‍ॅक्शन ट्रिगरला साधारण पाच-साडेपाच किलोचा ओढ लागतो. एकाच ओढीत सिलिंडर फिरतं, घोडा चढतो आणि सुटतो. आता गणित करा. बोट ज्या जोरानं ओढतंय तो जोर रिव्हॉल्व्हरच्या स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त आहे. एक किलोच्या जड स्टीलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वजनच नळी जागेवर धरून ठेवायला मदत करतं. इथे धरून ठेवायला काही नाही, फक्त तुमची मूठ. मुठीत जी ढिलाई असेल ती थेट नळीच्या तोंडाशी दिसते. उजव्या हातानं नेम धरणाऱ्यांच्या गोळ्या डावीकडे खाली जातात त्याचं एक मोठं कारण हेच, बाकीचं झटक्याच्या धास्तीनं आधीच मनगट दाबणं.

त्यात साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा. पुढची साइट म्हणजे नळीवरचा लहानसा उंचवटा, मागची म्हणजे फ्रेममध्ये कोरलेली चर. दोन्हींतलं अंतर जेमतेम दहा सेंटीमीटर धरा. पुढची साइट चरीत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर सात मीटरवर गोळी सात सेंटीमीटर बाजूला जाते. म्हणून "छोट्या नळीचा नेम लागत नाही" हे म्हणणं चूक आहे. मजबूत आधारावर टेकवून चालवलं तर ही रिव्हॉल्व्हरं आश्चर्य वाटावं इतकी नेमकी असतात. चुकतो तो हात, आणि लांब नळी जी चूक झाकून घेते ती छोटी नळी झाकत नाही. पुढच्या साइटवर मी भडक नारिंगी रंगाचा ठिपका दिला आहे. फॅक्टरीतून आलेली साइट काळ्या निशाण्यावर दिसतच नव्हती. दोन मिनिटांचं काम, पण एवढा फायदा देणारी दुसरी सुधारणा मला सापडलेली नाही. रिव्हॉल्व्हरची मूठ सोडून.

मुठीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. बहुतेक रिव्हॉल्व्हरांबरोबर येते ती छोटी रबरी मूठ. दोन बोटं बसतात, करंगळी खाली लोंबते, आणि मागचा धातू तळहातात उघडा राहतो. लपवायला छान. मी तिच्यावर सुरुवातीचे काही आठवडे काढले आणि मग तीन बोटं बसणारी, मागचा धातू रबरानं झाकणारी मूठ लावली. लांबी थोडी वाढली, खिशातून काढताना रबर कापडाला किंचित चिकटतं, पण झटका तळहातात टोचण्याऐवजी पसरून येऊ लागला आणि करंगळीला पकड मिळाल्यामुळे नळी उसळणं कमी झालं. मागे रबर आल्यानं ट्रिगरपर्यंतचं अंतरही वाढतं, हे लहान हातवाल्यांनी ध्यानात ठेवावं. माझं बोट ट्रिगरवर पहिल्या पेरापर्यंत पोचतं, म्हणून चाललं. ज्यांचं फक्त टोक पोचेल त्यांनी पातळ मूठच ठेवावी आणि काडतूस सौम्य निवडावं.

मूठ धरताना हात जितका वर जाईल तितका न्यावा, म्हणजे झटका मनगटाच्या रेषेत येतो. अंगठे मात्र पुढे सरकू देऊ नका. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला फवारतात. पिस्तुलावर शिकलेल्यांना दोन्ही अंगठे पुढे ठेवायची सवय असते, ती इथे बोट भाजवते. मी एक अंगठा खाली वळवून दुसऱ्यावर दाबते.

ट्रिगरची ओढ विहिरीतून पोहरा शेंदताना दोर येतो तशी हवी: एका लयीत, मधे न अडता. बरेच जण ट्रिगर अर्ध्यावर थांबवून नेम पुन्हा जुळवतात आणि मग शेवटचा हिसका देतात. रेंजवर निवांतपणे ते जमतं, घाईत नाही. गोळी सुटल्यावर ट्रिगर पूर्ण पुढे जाऊ देणंही तितकंच गरजेचं. अर्धवट सोडून पुन्हा ओढलं तर ट्रिगर अडतो, किंवा सिलिंडर पुढे सरकून एक भरलेला कप्पा न वाजता निघून जातो. हे सगळं घरी ड्राय फायरनं, म्हणजे खऱ्या गोळीशिवाय ट्रिगर ओढण्याच्या सरावानं, शिकता येतं, आणि खरं तर तिथेच शिकता येतं. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, सिलिंडर दोनदा तपासलेलं, आत डमी काडतुसं, समोर गोळी अडवेल अशी भिंत. फ्रंट साइट न हलता घोडा पडेपर्यंत ओढ पूर्ण करायची. बोट थकलं की थांबायचं, थकलेलं बोट वाईट सवयी शिकतं. ओढ हलका व्हावा म्हणून स्प्रिंग बदलण्याचा मोह मला झाला होता, पण घोड्याचा स्प्रिंग हलका केला की प्राइमरवरचा (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागावरचा) ठोका हलका पडून काडतूस न फुटण्याचा धोका येतो. संरक्षणाच्या हत्यारात तो मला नको. वापरानं यंत्रणा थोडी गुळगुळीत होतेच.

काडतुसांत मी फिरून वॅडकटरपाशी आले. 148 ग्रेनची (साधारण साडेनऊ ग्रॅमची), सपाट तोंडाची, संथ गोळी, मूळची कागदी निशाण्यावर स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठीची. पावणेदोन इंचांच्या नळीतून पोकळ तोंडाची गोळी पुरेसा वेग न मिळाल्यानं नेहमी उमलतेच असं नाही, म्हणून अनुभवी लोक छोट्या रिव्हॉल्व्हरांत वॅडकटर संरक्षणासाठीही ठेवतात. झटका खूपच कमी, आणि दुसरी गोळी पहिलीच्या जवळ जाते. अडचण एकच: सपाट तोंडामुळे सिलिंडरमध्ये भरताना कडेला अडतं. म्हणून सिलिंडरमध्ये वॅडकटर आणि जवळच्या स्पीड स्ट्रिपमध्ये (काडतुसं ओळीनं धरणाऱ्या चपट्या पट्टीत) गोलसर तोंडाची काडतुसं, असं मी ठेवते. जास्त दाबाचं +पी हवंच असेल तर छोट्या नळीसाठी मुद्दाम बनवलेली 135 ग्रेनची गोल्ड डॉट नावाची गोळी चांगली आहे, पण आधी आपल्या नळीवर काय लिहिलंय ते वाचा. जुन्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमना +पी चालत नाही.

एक धोका हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये विशेष असतो आणि दुकानात तो कुणी सांगत नाही. झटक्यानं रिव्हॉल्व्हर जोरात मागे येतं, तेव्हा न उडालेल्या काडतुसांतली शिशाची गोळी जडत्वामुळे पुंगळीतून थोडी पुढे सरकू शकते. जास्त सरकली की सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरणंच बंद होतं. रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. तपासायची रीत सोपी आहे. पाच भरा, चार उडवा, पाचवं बाहेर काढून न वापरलेल्या काडतुसाशेजारी धरून लांबी मोजा. काडतुसाची प्रत्येक नवी पेटी मी अशी तपासूनच बाळगायला घेते.

रिकाम्या पुंगळ्या काढणं हा या वर्गाचा दुबळा भाग. जागा वाचवायला एजेक्टरची, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणारी, दांडी आखूड केलेली असते, त्यामुळे पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत. नळी वर करून दांडीवर तळहातानं एकच जोरात थाप द्यायची. हळू दाबलं तर एखादी पुंगळी एजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्यांच्या कडा उचलणाऱ्या चकतीखाली) सरकते, आणि ती सोडवणं तापदायक. गोल स्पीड लोडर वेगवान असतो पण खिसा फुगवतो, स्ट्रिप चपटी असते पण हळू. मी स्ट्रिप बाळगते, कारण लोडर घरी राहायचा.

खिशात होल्स्टर हवाच, ट्रिगर पूर्ण झाकणारा, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ली नको, नाणं नको. घोडा आत असल्यामुळे काढताना कापडात काही अडकत नाही, यासाठी तरी हीच रचना घ्यावी. कापडाचे तंतू साइटच्या चरीत आणि ट्रिगरमागे साचतात, दर आठवड्याला फुंकून ब्रश मारावा लागतो. घामानं स्क्रूंवर तांबूस डाग आले होते, तेलाचा हात फिरवल्यावर गेले. झटक्यानं बाजूच्या पट्टीचे स्क्रू सैल होतात, प्रत्येक सरावानंतर बघा. चांदणीखालची न जळलेली दारू झटकली नाही तर सिलिंडर घासतं. टायटॅनियम सिलिंडर असेल तर खरखरीत काहीही लावू नका. आणि बंद रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. छोट्या नळीचा आवाज खरोखर कानठळ्या बसवणारा असतो.

आत्ता कुणी विचारलं तर एकच हत्यार घेणाऱ्याला मी साडेपाचशे ग्रॅमचं स्टीलचं सुचवेन. कमरेला पट्ट्यावर दीडशे ग्रॅम जास्त कळत नाहीत, हातात फार कळतात. खिशातच ठेवायचं ठरलं असेल तर अ‍ॅल्युमिनियम ठीक, त्याच्या खाली जाऊ नये. झटक्याचीच भीती असेल तर .32 एच अँड आर मॅग्नम बघा. त्याच आकारात सहा गोळ्या मावतात, झटका कमी, आणि सरावाला त्यातच सौम्य .32 एस अँड डब्ल्यू लाँग चालतं. बोटात जोर कमी म्हणून .22 कडे वळणाऱ्यांनी मात्र दुकानात आधी ट्रिगर ओढून पाहावा. रिमफायर काडतूस फुटायला कडेवर जोराचा ठोका लागतो, त्यामुळे .22 च्या डबल अ‍ॅक्शन ट्रिगरचा ओढ .38 पेक्षा पुष्कळदा जडच निघतो.