कणसाचा पाइप की ब्रायरचा? निगेच्या हिशेबाने तुलना

तंबाखू ओढायचा पाइप घ्यायचं ठरलं की दोन नावं हमखास पुढे येतात: मक्याच्या कणसाचा आणि ब्रायर लाकडाचा. किमतीत जमीनअस्मानाचा फरक असल्यामुळे बहुतेकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. पण पाइप विकत एकदाच घ्यायचा असतो, साफ मात्र रोज करावा लागतो. शिवाय या दोघांची साफसफाई इतकी वेगळी आहे की एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याचा निकाल लावतो. म्हणून ही तुलना फक्त निगेच्या अंगाने केली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाइप कितीही लख्ख ठेवला, आत फिल्टर घातला, तरी तंबाखूचा धूर तो धूरच. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका त्याने टळत नाही. जे ओढत नाहीत त्यांनी सुरू करू नये. जे ओढतातच, त्यांच्यासाठी पुढचं लिहिलं आहे.

कणसाच्या पाइपचं गाव म्हणजे अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातलं वॉशिंग्टन. नेदरलँड्सहून तिथे आलेल्या हेन्री टिबी या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने १८६९ मध्ये हे पाइप विकायला सुरुवात केली. दाणे काढलेलं कणीस सच्छिद्र असतं. ते लेथवर घडवायचं, बाहेरची छिद्रं प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवायची आणि घासून गुळगुळीत करायचं, या पद्धतीचं पेटंट त्याने १८७८ मध्ये घेतलं. पुढे १९०७ मध्ये कंपनीचं नाव मिसूरी मीरशॉम झालं आणि आजही ती त्याच गावात पाइप बनवते. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या फोटोंत दिसतो तो पाइप याच जातीचा.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे निगेचं सगळं गणित त्या प्लास्टरमध्ये आहे. बाहेरून कणीस बंद केलेलं असतं, आतून उघडं. तंबाखू जळताना सुटणारी ओल आतल्या भिंतीत शिरते, नव्या माठात पाणी मुरतं तशी. म्हणून कणसातला धूर कोरडा लागतो आणि पाइप लवकर सुकतो. पण हीच तहान त्याचं मरणही ठरते. नळाखाली धरला की कणीस फुगतं, सांध्यातला डिंक सैल होतो, वाटीला जोडलेला दांडा हलायला लागतो. असा पाइप पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी कठीण गाठ. ती उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मगच कोरतात. फ्रान्समधलं सें-क्लोद हे या कामाचं जुनं गाव. हे लाकूड घट्ट असतं, उष्णता सोसतं आणि ओल सावकाश घेतं. पण सावकाश घेतलेली ओल ते सोडतंही सावकाश. म्हणून ब्रायर ओढला की निदान एक दिवस विश्रांती द्यायची असा रिवाज आहे. रोज ओढणाऱ्याला मग एका ब्रायरवर भागत नाही, दोन-तीन लागतात. कणसाच्या बाबतीत रात्रभर नळी (तोंडात धरायचा भाग) काढून ठेवली तर बहुतेक वेळा पुरतं. रोजच्या वापरासाठी मला कणीस इथेच उजवं वाटतं.

आता ओढून झाल्यावरचं काम. दोघांनाही राख झटकणं आणि पाइप क्लीनर फिरवणं लागतंच. पाइप क्लीनर म्हणजे मऊ तंतू गुंफलेली बारीक तार. ब्रायरमध्ये नळी न काढता क्लीनर मुखाच्या बाजूने आत घालायचा, तळापर्यंत न्यायचा, बाहेर ओढायचा. पहिला तपकिरी, ओला निघतो, दुसरा फिकट आणि तिसरा जवळजवळ कोरडा आला की झालं. इथे घाई नको. गरम ब्रायरची नळी ओढून काढली तर सांधा सैल होतो किंवा दांड्याला चीर जाते. कणसाच्या पाइपमध्ये नळी लाकडी दांड्यात नुसती दाबून बसवलेली असते, तिथे हा धोका फार कमी. तरी पाच मिनिटं थांबलात तर नुकसान काहीच नाही. नळी मात्र दोघांतही पिरगाळत काढायची आणि पिरगाळतच बसवायची.

कणसाच्या मिसूरी पाइपांत बहुधा ६ मिलिमीटरचा कागदी फिल्टर येतो. ठेवायचा असेल तर भिजून काळा पडला की फेकायचा, धुऊन परत वापरायचा नाही. काढून टाकला तर ओढ मोकळी होते, पण क्लीनर दुप्पट लागतात, कारण फिल्टरच्या रिकाम्या जागेत चिकट रस साचतो. तिथे क्लीनर दुमडून, जाड करून फिरवावा.

आतल्या काजळीबद्दल मात्र दोघांचे नियम अगदी उलटे आहेत. ब्रायरच्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरायच्या भागात, कार्बनचा थर हवाच, तो लाकडाला आगीपासून वाचवतो. त्याची जाडी एखाद्या नाण्याएवढी राहू द्यायची. त्यापेक्षा वाढला तर गरम झाल्यावर तो लाकडावर ताण आणतो आणि वाटी तडकू शकते. म्हणून अधूनमधून रीमर (वाटी आतून खरवडायचं अवजार) फिरवून तो कमी करावा लागतो. कणसाला जाड थराची गरज नाही. उलट मऊ भिंतीवर रीमर चालवला तर थराबरोबर कणसाचे तंतूही उपटून येतात आणि तिथे खड्डा पडून पुढे जळायला सुरुवात होते. ओढून झाल्यावर पेपर नॅपकिनची सुरळी वाटीत घालून दोन-चार वेळा फिरवली की पुरे. धारदार चाकू तर दोन्ही पाइपांपासून लांबच ठेवा.

कणसाची एक खोड ब्रायरमध्ये नाही. बऱ्याच पाइपांत लाकडी दांड्याचं टोक वाटीच्या आत डोकावतं. सुरुवातीला ते टोक जळतं आणि जळक्या लाकडाची चव येते. पुष्कळ लोक याच चवीला घाबरून पाइप टाकून देतात, पण ते टोक जळून काळं पडलं की चव जाते. खरी अडचण त्याच्या खालच्या जागेची. तिथे अर्धवट जळलेली, ओलसर तंबाखू अडकून राहते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते. टॅम्परच्या, म्हणजे तंबाखू दाबायच्या अवजाराच्या, टोकाने ती दर वेळी कोरून काढायची. कायमचा उपाय हवा असेल तर सिगारची राख थोड्या पाण्यात कालवून घट्ट लगदा करा, धुराच्या भोकात क्लीनर घालून ठेवा, म्हणजे ते बुजणार नाही, आणि भोकाच्या खालपर्यंत लगदा थापून दिवसभर वाळू द्या. तळ उंचावतो आणि जळण्यापासूनही वाचतो. एवढी खटपट नको असेल तर तळाला कठीण लाकडाचं बूच बसवलेलं मॉडेल घ्या. कंट्री जेंटलमन हे त्यातलं नावाजलेलं.

खोल साफसफाईची वेळ आली की तराजू ब्रायरकडे झुकतो. जुना, कडवट झालेला ब्रायर वाचवता येतो. वाटीत मीठ किंवा कापूस भरायचा, वरून कडक अल्कोहोलचे थेंब सोडायचे आणि रात्रभर ठेवायचं. सकाळपर्यंत मीठ तपकिरी झालेलं असतं आणि वर्षानुवर्षांची घाण त्यात उतरलेली असते. मग ते काढायचं, क्लीनर फिरवायचे आणि काही दिवस नुसता वाळू द्यायचा. काही जण ब्रायर ओढल्या ओढल्या गरम पाण्यानेही धुतात. त्यावर पाइपवाल्यांत जुना वाद आहे, पण चांगला ब्रायर ते सोसतो. कणसाला यातलं काहीही करू नका. अल्कोहोलने जेमतेम ओलावलेला क्लीनर नळीतून आणि दांड्यातून फिरवा, वाटीत एक थेंबही ओतू नका. नळी प्लॅस्टिकची असते. ती वेगळी काढून साबणाच्या कोमट पाण्याने खुशाल धुवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवा.

नळीवरून आठवलं. ब्रायरची नळी व्हल्कनाइटची (कडक केलेल्या रबराची) असेल तर उन्हात, उजेडात ती हिरवट-पिवळी पडते आणि तोंडात कडू लागते. मग बारीक घासकागद आणि पॉलिश घेऊन बसावं लागतं. ॲक्रिलिकच्या नळीला हा त्रास नाही, पण ती दातांना टणक लागते. कणसाची नळी चावून खराब झाली तर नवी स्वस्तात मिळते.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा वेगळा विचार करावा. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की कणसाचा लवकर सुकण्याचा गुण निम्मा उरतो. नळी वेगळी काढून, वाटीचं तोंड खाली करून, वारं लागेल अशा फळीवर ठेवावा. डबा, प्लॅस्टिकची पिशवी, बंद कपाट नको. ब्रायरच्या वाटीत पांढरी बुरशी दिसली तर ती अल्कोहोलने पुसून काढता येते. कणसात दिसली तर तो पाइप फेकून द्या. बुरशी भिंतीच्या आत किती खोल गेली आहे ते बाहेरून कळत नाही, आणि तो धूर छातीत घेण्याएवढी कणसाची किंमत नाही.

माझा सल्ला विचारलात तर नव्या माणसाने कणसापासून सुरुवात करावी. वाटी फार गरम होऊ न देता ओढायची सवय लागेपर्यंत पाइप भाजणारच, आणि भाजायचा तर स्वस्तातला भाजावा. सुगंधी तंबाखू आणि धुरकट वासाची लाटाकिया असे दोन्ही प्रकार ओढणाऱ्यालाही दोन कणसं बरी पडतात. ब्रायर आधीच्या तंबाखूचा वास धरून ठेवतो आणि तो घालवायला मिठाचा प्रयोग करावा लागतो. मात्र आठवड्यातून एकदाच, निवांत बसून ओढणारा आणि हाताने काही घासण्या-पुसण्यात रमणारा माणूस असेल, तर त्याने कणसात अडकू नये. त्याच्या हाती ब्रायर वीस-तीस वर्षं टिकेल. कणसाकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

जुना पाइप विकत घेणाऱ्यांसाठीही हाच फरक कामाचा आहे. वापरलेला ब्रायर वाटीत चीर नसेल आणि तळ जळालेला नसेल तर बिनधास्त घ्या, साफ करून तो नव्यासारखा होतो. वापरलेलं कणीस मात्र फुकट दिलं तरी घेऊ नका. दुसऱ्याच्या ओढण्याची ओल त्याच्या भिंतीत मुरलेली असते आणि ती बाहेर काढायचा कुठलाच मार्ग नाही.