मोठ्या शिकारीसाठी काडतूस: .३०८, .३०-०६, .३०० मॅग्नम की .३७५?

एल्क, मूस (ही दोन्ही मोठी हरणं), अस्वल अशा मोठ्या जनावरांसाठी पहिली रायफल घेणारा माणूस बहुतेक वेळा ताकदीचा आकडा बघतो. मी म्हणेन, आधी स्वतःचा खांदा बघा.

.३०८ विंचेस्टर (१९५२) आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड (१९०६) यांच्या गोळीचा व्यास एकच. १८० ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपासची गोळी पहिल्यातून सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटते, दुसऱ्यातून ८२०. जनावरावर हा फरक जाणवत नाही. .३०८ ची पुंगळी (दारू भरलेली धातूची नळी) आखूड, म्हणून बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा सरकता दांडा, कमी मागे ओढावा लागतो आणि रायफलही थोडी आटोपशीर होते. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर हे महत्त्वाचं. .३०-०६ मध्ये दारूला जागा जास्त, त्यामुळे २०० किंवा २२० ग्रेनच्या जड गोळ्या त्याला जास्त मानवतात. मूस आणि अस्वल दोन्ही डोक्यात असतील तर मी .३०-०६ घेईन.

.३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) तीच १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ९०० मीटरने फेकतं. अडीचशे-तीनशे मीटरच्या पुढे त्याचा खरा उपयोग: गोळी कमी खाली येते, वाऱ्याने कमी सरकते. पण धक्का बराच वाढतो. धक्क्याची धास्ती बसली की ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि गोळी फुप्फुसाऐवजी पोटात जाते. मग ते जनावर तासन्‌तास तडफडतं. तुमचे नेम दीडशे मीटरच्या आतले असतील तर हे ओझं घेऊ नका. स्कँडिनेव्हियात तर ६.५×५५ सारख्या मवाळ काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले गेले आहेत.

.३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२) वेगळ्याच कामाचं. ३०० ग्रेनची गोळी, वेग सुमारे ७७० मीटर, ऊर्जा ५,७०० ज्यूलच्या घरात; .३०-०६ ची ३,९०० च्या आसपास. केप बफेलोसारख्या उलटून अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी आफ्रिकेतल्या अनेक देशांत हेच किमान कॅलिबर मानतात. नुसत्या एल्कसाठी मात्र याची गरज नाही.

काडतुसावर महिनोन्‌महिने खल करणारे गोळीच्या बनावटीकडे दुर्लक्ष करतात, याचं मला वाईट वाटतं. साधी शिशाची, पातळ तांब्याच्या आवरणाची गोळी मॅग्नमच्या वेगाने जवळून खांद्याच्या हाडावर आदळली तर वरच फुटू शकते, आत खोल जात नाही. आवरण शिशाला घट्ट जोडलेली बाँडेड गोळी किंवा पूर्ण तांब्याची गोळी घ्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. तिथे १८० ऐवजी १६५ ग्रेन चालतं.

विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाची रायफल मागून, गुडघ्यावर बसून वीस गोळ्या झाडा. विसाव्या गोळीचा नेम पहिल्यासारखाच बसला तर ते काडतूस तुम्हाला झेपतं.