नाशिकला लेन्स भाड्याने घेताय? आधी फिल्टर काढायला लावा

२८,६०० रुपये. भाडं ३,६००, डिपॉझिट २०,००० आणि वरून अडवून घेतलेले ५,०००. थंडीत आम्ही मित्रमंडळी फोटो काढायला नाशिकला गेलो, तेव्हा लेन्स भाड्याने देणाऱ्या एका माणसाच्या खिशात गेलेले हे पैसे. राहणं, खाणं, गाडी, सगळं धरून याच्या निम्माही खर्च झाला नव्हता. डिपॉझिट कसं गिळतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आम्हालाही होतं, म्हणून तर प्रत्येक गोष्ट तपासून घेतली होती.

कॅमेरा आमचा होता, हवी होती लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिमीची लेन्स. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं तर तिच्याशिवाय भागत नाही. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ते, २०२० साली जाहीर झालेलं. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, क्रौंच उतरतात, पण चापडगावच्या मनोऱ्यावरून साध्या लेन्सने नुसते ठिपके येतात. एवढी महागडी लेन्स एका सहलीसाठी कोण विकत घेणार? भाड्याने घेणं हाच शहाणपणा होता आणि आजही माझं तेच म्हणणं आहे.

कॉलेज रोडला तो लेन्सवाला स्कूटरवर आला. बोलणं अदबीचं, दर वाक्याला "सर" आणि "मॅडम". लेन्सचा नंबर आम्ही टिपला. नळी, रिंगा, मागची काच यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. पुढे ९५ मिमीचा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढच्या काचेवर संरक्षणाला लावायची जादा काच, बसवलेला होता. माझ्या मैत्रिणीने तो फिरवून पाहिला, हलेना. तो लगेच म्हणाला, "मॅडम, फिल्टर काढू नका. घाटावर धूळ असते, आतली काच उघडी पडली तर जबाबदारी तुमची."

हाच तो क्षण. दुसऱ्याच्या वस्तूची काळजी घ्या असं मालक सांगतोय म्हटल्यावर कोण वाद घालेल? पहाटेच्या झुंजुमुंजू उजेडात फिल्टरखालची काच कोणाला दिसणार होती? चार माणसांनी लेन्स हातात घेऊन पाहिली, चौघांनाही ती स्वच्छच वाटली. पण त्या वाक्याची आठवण झाली की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते.

परत देताना त्याने मुद्दाम नाशिक रोड स्टेशनबाहेर बोलावलं. आमची गाडी सुटायला पाऊण तास होता आणि ते त्याला आम्हीच सांगितलं होतं. परतीची वेळ असल्या माणसाला कधीच सांगू नका. लेन्स हातात घेतल्यावर त्याने ना झूम फिरवून पाहिलं, ना मागची काच पाहिली. खिशातून फिल्टर उघडायचा प्लास्टिकचा पाना काढला, एका झटक्यात फिल्टर उतरवला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. आतल्या काचेवर कडेपासून मध्याकडे गेलेला नखाएवढा ओरखडा. पाना खिशात घेऊन आलेला माणूस! बाकी काहीच न बघता थेट तिथेच हात घालतो, यावरून काय समजायचं ते समजा.

फिल्टरवर साधी रेघ नाही आणि त्याच्या खालची काच ओरखडलेली. हे कसं झालं, असं विचारलं तर म्हणे, "वस्तू तुमच्या ताब्यात होती." काच बदलायला २८,५०० लागतील, डिपॉझिट वजा जाता ८,५०० द्या. आमच्यातल्या एकाचं मूळ लायसन्स त्याने ठेवून घेतलं होतं, ते सोडेना. घासाघीस होऊन ५,००० वर तुटलं. मूळ कागद कोणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहा.

यापुढचं तर त्याहून चीड आणणारं. आमची नाशिकची मैत्रीण पोलिसांत गेली. पहिल्या ठाण्यात उत्तर मिळालं, पैसे तिकडे घेतले ना, मग तिकडच्या हद्दीत जा. तिकडे गेली तर, हे दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा. मी घराजवळच्या ठाण्यात गेले, तर घटना नाशिकची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती, हद्द कुठलीही असली तरी, नोंदवून घ्यायची असते. हे मी शांतपणे सांगितलं, तर समोरच्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू चोरी मीच केली आहे! मूळ लायसन्स अडकवून, गाडीची वेळ साधून पैसे उकळायचे, हा दिवाणी मामला? बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. यूपीआयच्या शेऱ्यात त्याने "फोटोग्राफी" लिहायला लावलं होतं, त्यामुळे ते डिपॉझिट होतं हे आता आम्हीच सिद्ध करत बसायचं. शेऱ्यात स्वच्छ "परत मिळणारी अनामत" लिहा. तो नको म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. पोलिसांकडून हातात काहीतरी घेऊनच बाहेर पडा, निदान अर्जाची शिक्का मारलेली पोच तरी.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही. लेन्स हातात आल्या आल्या आम्ही होळकर पुलावर गेलो होतो. रामकुंडावर धुकं, पलीकडे पंचवटीच्या बाजूने वर येणारा सूर्य, पाण्यात उभे भाविक. ते सगळे फोटो सूर्याकडे तोंड करून काढलेले, आणि पहिल्याच फोटोपासून उजेडाचा एक पांढरट पट्टा एकाच जागी फुटलेला दिसतो. काचेवर ओरखडा असला की समोरून येणारा उजेड असाच पसरतो. आमच्याच दुसऱ्या लेन्सने त्याच मिनिटाला टिपलेल्या फोटोत पट्टा नाही. कॅमेऱ्याच्या मूळ, म्हणजे रॉ फाइलमध्ये वेळ नोंदलेली आहे. म्हणून सांगते, भाड्याची लेन्स मिळाली की पहिला फोटो उजेडाकडे तोंड करून काढा आणि तो मालकालाच लगेच पाठवा.

ग्राहक आयोगात तक्रार टाकते आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून नोंद करा. २०२७ च्या सिंहस्थाला कॅमेरे घेऊन लोक लोटणार आहेत आणि हा माणूस तेव्हाही पाना खिशात घेऊन स्टेशनबाहेर उभा असेल. "फिल्टर काढू नका" हे वाक्य नाशिकमध्ये आणखी कोणी ऐकलं असेल, तर व्यवहाराचे मेसेज आणि मूळ फाइली पुसू नका. एकट्याची तक्रार दिवाणी ठरवून ढकलतात, चार-पाच जणांची एकदम गेली तर तेच ठाणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक म्हणून घेईल.