तळहाताच्या घामासाठी करंटवालं मशीन, सहा महिने वापरून

शाळेत पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवायचो तरी शाई फिसकटायचीच, आता मोबाईल बोटाचा ठसा घेत नाही. लोक म्हणतात टेन्शन घेऊ नको. अरे बाबा, घाम येतो म्हणूनच तर टेन्शन येतं!

स्किनच्या डॉक्टरांनी आधी 20 टक्के अॅल्युमिनियम क्लोराईडचं लोशन दिलं, रात्री कोरड्या त्वचेवर लावायचं, सकाळी धुवायचं. काखेत मस्त चाललं पण तळहातावर नुसती आग, ओलसर त्वचेवर ते जास्तच जळतं आणि माझे हात कोरडे सापडणार कधी? मग ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्या. घाम कमी झाला, खोटं कशाला बोलू, पण जीभ टाळूला चिकटायची, वर पोट साफ होईना. बंद केल्या.

शेवटी हे आयंटोफोरेसिसचं, म्हणजे पाण्यातून हातांना हलका करंट देणारं मशीन घेतलं. दोन ट्रे, तळाशी धातूची प्लेट, नळाचं पाणी, त्यात हात बुडवून 20 मिनिटं गप बसायचं. आठवड्यातून 3 वेळा. मुंग्या येतात, मनगटाशी पाण्याची रेघ येते तिथं जास्त चुरचुरतं, आणि नाक नेमकं तेव्हाच खाजतं, हात काढला की झटका! एकदा अंगठी काढायची राहिली तर बोटाला असला चटका बसला की विचारू नका. नखाजवळ चीर असेल तर आधी व्हॅसलीन चोपडा. पेसमेकर असेल किंवा प्रेग्नंट असाल तर हे मशीन अजिबात नाही, आणि हाडात रॉड वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पहिले दोन आठवडे काही फरक नाही, वाटलं पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. चौथ्या आठवड्यात टेबलावरचा कागद उचलला आणि तो हाताला चिकटला नाही. परत ठेवून परत उचलून बघितला.

आता आठवड्यातून एकदा पुरतं. मध्ये गावाला गेलो, तीन आठवडे खाडा झाला, पुन्हा पहिल्यासारखे ओले हात. म्हणजे हे कायमचं बरं करत नाही, चिकाटी नसेल तर घेऊच नका.

बोटॉक्सचं पण डॉक्टर बोलले होते, पण तळहातात ढीगभर सुया, काही दिवस पकड ढिली पडू शकते, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. छातीतली नस कापायचं ऑपरेशन असतं त्यात हात कोरडे होतात खरे पण घाम पाठीवर-पोटावर निघू लागतो, बऱ्याच जणांना. नको रे बाबा.

मशीनला 4 स्टार. एक कापला तो बटणासाठी, करंट हळूहळू चढायच्या ऐवजी टुणकन उडी मारतो.